थंड कोणासाठी? शीतयुद्धाची नावं, तारखा आणि आठवणी

श्रोतेहो, मराठी वर्तमानपत्र उघडलं की महिन्यातून एकदोनदा तरी ‘शीतयुद्ध’ हा शब्द भेटतो. मंत्रिमंडळातल्या दोन नेत्यांमध्ये शीतयुद्ध, महापालिकेत आयुक्त आणि पदाधिकाऱ्यांमध्ये शीतयुद्ध, मालिकांमध्ये तर सासू-सुनेचं शीतयुद्ध. म्हणजे काय, तर बोलणं बंद, टोमणे चालू, पण प्रकरण हातघाईवर आलेलं नाही. कोणाला खरचटलेलंसुद्धा नाही. शब्द असा घरगुती झाला याचं आम्हाला वाईट वाटत नाही, शब्दांचं असं होतंच. पण या घरगुती अर्थात मूळ व्याख्या अगदी नेमकी उतरली आहे, आणि आजचं आमचं भांडण त्या व्याख्येशीच आहे.

व्याख्या आपण सगळेच शाळेत पाठ करून आलो. प्रत्यक्ष युद्ध नाही, पण युद्धाचं वातावरण कायम. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत युनियन. दोघांकडे अण्वस्त्रं, म्हणून दोघंही हात आखडून. साधारण १९४७ ला सुरुवात आणि १९९१ ला शेवट. पेपरात पाच गुणांना आलं तर एवढं लिहून पाचापैकी चार मिळतात. यातलं एक वाक्य आपण आज जरा धरून ठेवू : ‘प्रत्यक्ष युद्ध नाही’. कोणासाठी नाही?

आधी नावाचं बघू. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हिरोशिमानंतर अडीच महिन्यांत, जॉर्ज ऑर्वेलनं लंडनच्या ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात अणुबॉम्बवर एक छोटा लेख लिहिला. (हा ऑर्वेल जन्मानं आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा, हे जाता जाता.) त्यात हा शब्दप्रयोग आहे. ज्यांच्याकडे बॉम्ब आहे ती दोनतीन राज्यं एकमेकांवर तो टाकणार नाहीत, असं त्यानं ओळखलं होतं. पण त्याला त्यात दिलासा वाटत नव्हता. बॉम्बवाली राज्यं आपसात न लढता बाकीच्या जगावर बसतील आणि दुबळ्यांना उठाव करणंच अशक्य होईल, अशी त्याला धास्ती होती. पुढे एप्रिल १९४७ मध्ये बर्नार्ड बरूख या अमेरिकी मुत्सद्द्यानं भाषणात हा शब्द वापरला आणि त्याच वर्षी पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या पुस्तकाच्या मथळ्यावर तो चढला. लिपमनचं पुस्तकही सरकारच्या बाजूनं नव्हतं. सोव्हिएत युनियनला जगभर अडवत बसण्याचं धोरण अमेरिकेला झेपणार नाही, असं ते सांगत होतं. म्हणजे बघा, ज्यांनी शब्द रुजवला त्यातल्या दोघांनी तो इशारा म्हणून वापरला. चाळीस वर्षांनी तोच शब्द एका कालखंडाचं शांत, सुटसुटीत नाव होऊन बसला.

सोव्हिएत वृत्तपत्रं हा शब्द बराच काळ अवतरणचिन्हांत छापत. त्यांच्या लेखी ‘शीतयुद्ध’ म्हणजे अमेरिका जे आपल्याविरुद्ध करते आहे ते. दोघं मिळून जे करत आहेत ते, असा अर्थ तिथे नव्हता. आपल्याला नाव निःपक्ष वाटतं, पण ते तसं जन्मलेलं नाही.

आणि ज्या देशांत माणसं खरोखर मेली तिथे तर हे नाव बिनकामाचं. व्हिएतनाममध्ये लोक त्या युद्धाला अमेरिकेविरुद्धचं युद्ध म्हणतात. ‘व्हिएतनाम युद्ध’ हे नाव बाहेरच्यांचं. दक्षिण कोरियात कोरियन युद्धाला नुसतं ‘सहा-पंचवीस’ म्हणतात, कारण ते २५ जूनला सुरू झालं. उत्तर कोरियात तेच पितृभूमी-मुक्तियुद्ध, चीनमध्ये अमेरिकेला रोखण्याचं आणि कोरियाला मदत करण्याचं युद्ध. अमेरिकेत ट्रूमन यांनी त्याला पोलीस कारवाई ठरवलं, आणि नंतरच्या पिढीनं ‘विसरलेलं युद्ध’. तीन वर्षांत वीसतीस लाख माणसं मेली ते हे विसरलेलं युद्ध. आणि ‘दोन महासत्ता कधी थेट भिडल्या नाहीत’ हेही पुरतं खरं नाही बरं का. यालू नदीवरच्या आकाशात सोव्हिएत वैमानिक मिग-१५ विमानं घेऊन अमेरिकनांशी लढत होते. विमानांवर खुणा दुसऱ्यांच्या. मॉस्को बोलली नाही ते समजण्यासारखं आहे. वॉशिंग्टनला माहीत असून तेही बोललं नाही, कारण बोललं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. म्हणजे व्याख्येतलं ते वाक्य खरं राहावं म्हणून दोघांनी मिळून मौन पाळलं.

आता एक प्रसंग जरा सविस्तर घेऊ, कारण आठवण कशी घडवली जाते हे त्यात हाताला लागतं. ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत युनियननं क्यूबात अण्वस्त्रं वाहणारी क्षेपणास्त्रं नेऊन बसवली, अमेरिकेच्या टेहळणी विमानानं फोटो काढले, केनेडींनी नौदल पाठवून बेटाची नाकेबंदी केली, आणि २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं परत नेत असल्याचं जाहीर केलं. घटना एक, नावं तीन. अमेरिकेत हा ‘क्यूबाचा क्षेपणास्त्र पेच’. आपणही तेच नाव उचललं. रशियात ‘कॅरिबियन पेच’. क्यूबात ‘ऑक्टोबरचा पेच’.

नावं नीट ऐका. अमेरिकी नावात गोष्ट क्षेपणास्त्र दिसल्याच्या दिवशी सुरू होते. त्याआधी एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेनं पढवलेली फौज क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरली होती, कास्त्रो यांना हटवण्याचे छुपे उद्योग चालू होते, तुर्कस्तानात अमेरिकेची पंधरा ज्युपिटर क्षेपणास्त्रं सोव्हिएत युनियनच्या दिशेनं उभी होती. हे सगळं नावाच्या बाहेर राहिलं. रशियन नावात क्षेपणास्त्राचा उल्लेखच नाही, जणू पेच समुद्राला पडला होता. आणि क्यूबाच्या नावात फक्त महिना आहे. ज्याच्यावर वर्षभर पेचच पेच, तो महिन्याच्याच नावानं ओळखणार! एप्रिलचा वेगळा, ऑक्टोबरचा वेगळा. क्षेपणास्त्रं परत न्यायचं ठरलं तेव्हा कास्त्रो यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. ज्यांच्या जमिनीवर हे चाललं होतं त्यांना ही बातमी रेडिओवरून कळली.

आता जगाला ही गोष्ट कोणत्या रूपात आठवते? केनेडी ठाम राहिले, ख्रुश्चेव्ह यांनी डोळे मिटले. ही आठवण रुजवण्यात रॉबर्ट केनेडी यांच्या ‘थर्टीन डेज’ या पुस्तकाचा मोठा वाटा. १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली, पुस्तक १९६९ मध्ये आलं, आणि ते छपाईला तयार केलं केनेडींचे भाषणलेखक टेड सोरेन्सन यांनी. वीस वर्षांनी, जानेवारी १९८९ मध्ये मॉस्कोत या पेचावर एक परिषद भरली. तिथे सोरेन्सन यांनी सांगितलं की रॉबर्ट केनेडींच्या डायरीत तुर्कस्तानातल्या क्षेपणास्त्रांचा सौदा स्पष्ट लिहिलेला होता, आणि संपादन करताना आपण तो काढला, कारण तेव्हा ते गुपित होतं. म्हणजे तुम्ही क्यूबातून न्या, आम्ही तुर्कस्तानातून नेतो, फक्त याची वाच्यता नको. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडींनी हे सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना सांगितलं होतं. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटर गुपचूप निघालीही.

आपण म्हणाल, राजकारणात एवढं चालतंच. चालतं. पण परिणाम बघा. ज्या मोजक्या माणसांच्या बैठकीत हे ठरलं तिच्यात उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन नव्हते. वर्षभरानं ते अध्यक्ष झाले आणि पुढे व्हिएतनाममध्ये फौजा उतरवण्याचे निर्णय त्यांनी घेतले. ‘ताठ उभं राहिलं की समोरचा वाकतो’ हा १९६२ चा धडा त्यांच्याभोवतीच्या मंडळींच्या डोक्यात होता. धडा ज्या प्रसंगातून घेतला त्यातला अर्धा व्यवहार मात्र त्यांच्या अध्यक्षांसमोर आलेलाच नव्हता. व्हिएतनाममध्ये केवळ यामुळे युद्ध झालं असा आमचा दावा नाही, त्याची कारणं खूप आहेत. पण काटछाट केलेल्या आठवणीवर धोरण उभं राहिलं की काय होतं याचा एवढा स्वच्छ दाखला आम्हाला दुसरा सापडत नाही.

त्याच २७ ऑक्टोबरची दुसरी गोष्ट तर आणखी उशिरा बाहेर आली. अमेरिकी विनाशिका बी-५९ नावाच्या सोव्हिएत पाणबुडीला वर यायला लावण्यासाठी भोवती सरावाचे स्फोटक गोळे टाकत होत्या. त्या पाणबुडीत अण्वस्त्र बसवलेला एक टॉर्पेडो होता, हे वर कोणालाही माहीत नव्हतं. आत उकाडा, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. कप्तान तो टॉर्पेडो सज्ज करा म्हणाला आणि वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानं त्याला आवरलं, असं त्याच पाणबुडीवरच्या एका सहकाऱ्यानं पुढे सांगितलं. २००२ मध्ये हवानात चाळीस वर्षांची परिषद झाली तेव्हा जगाला हे कळलं. अर्खिपोव्ह तेव्हा हयात नव्हते. सप्टेंबर १९८३ मध्ये स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्या बाबतीतही असंच. उपग्रहानं अमेरिकी क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला, हा खोटा इशारा असावा असं त्यांनी ठरवलं आणि वर तसंच कळवलं. त्यांना बक्षीस मिळालं नाही, नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी मात्र खावी लागली.

यावर इतिहासकारांचं उत्तर काय? अमेरिकी इतिहासकार जॉन लुईस गॅडिस यांच्या १९८७ च्या पुस्तकाचं नाव आहे ‘द लाँग पीस’, दीर्घ शांतता. त्यांचा मुद्दा पोरकट नाही. महायुद्ध संपल्यावर चाळीस वर्षं मोठी राष्ट्रं एकमेकांशी लढली नाहीत, हे आधीच्या इतिहासाकडे पाहता खरोखर नवलाचं आहे, आणि ते का घडलं हा प्रश्न विचारायलाच हवा. दोनच ध्रुव असण्याची स्थिरता, अण्वस्त्रांचा धाक, उपग्रहांमुळे एकमेकांची हालचाल दिसणं, अशी त्यांची कारणमीमांसा आहे, आणि तीही मुद्देसूद आहे. आमचा आक्षेप मुखपृष्ठावरच्या ‘शांतता’ या शब्दाला आहे. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली. व्हिएतनाम सरकारनं १९९५ मध्ये आपल्या मृतांचा अंदाज जाहीर केला तो तीस लाखांच्या घरात होता. अंगोला, ग्वाटेमाला, अफगाणिस्तान, ही यादी आपल्याला माहीत आहे. या लढाया महासत्तांनी निर्माण केल्या असं म्हणणं स्थानिक माणसांवर अन्याय करणारं आहे. त्यांची स्वतःची भांडणं होती, स्वतःची स्वप्नं होती. पण बंदुका, पैसा आणि ‘आमचा की त्यांचा’ हा प्रश्न बाहेरून आला.

हे आम्हीच पहिल्यांदा सांगतो आहोत असं नाही. नॉर्वेचे ओड आर्न वेस्टाड यांनी २००५ मध्ये ‘द ग्लोबल कोल्ड वॉर’मध्ये सगळा केंद्रबिंदूच तिसऱ्या जगाकडे सरकवला. कोरियन मानववंशशास्त्रज्ञ हेओनिक क्वोन यांनी २०१० च्या ‘द अदर कोल्ड वॉर’मध्ये विचारलं की ज्या गावांत एकाच घराण्यात दोन्ही बाजूंचे मृत आहेत, श्राद्ध कोणाचं घालायचं हा प्रश्न आहे, तिथे हे ‘संपलं’ असं कोणत्या तारखेला म्हणायचं? आमच्या मते या सगळ्या लिखाणात क्वोन यांचा प्रश्न सर्वांत धारदार आहे. गंमत अशी की हे सगळे लेखक नावाशी झगडतात आणि मुखपृष्ठावर तेच नाव ठेवतात. आम्हीही आज तेच केलं. पर्याय नाही. नाव इतकं बसलं आहे की ते मोडून दुसरं घेतलं तर श्रोत्यांना विषयच कळणार नाही.

आता तारखा. तारखा म्हणजे बखरी लिहिणाऱ्यांचा छंद, असं वाटत असेल तर ऐका. डी. एफ. फ्लेमिंग यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात सुरुवात १९१७ ला धरली, रशियन क्रांतीपासून. वेस्टाड यांनी २०१७ च्या पुस्तकात ती १८९० च्या दशकापर्यंत मागे नेली. शेवट कोणी बर्लिनची भिंत पडली तिथे धरतो, कोणी १९९१ ला. विद्वानांनी काहीही धरावं, त्यानं कोणाचं बिघडत नाही. पण सरकारनं धरलं की बिघडतं. अमेरिकी काँग्रेसनं १९९८ च्या संरक्षण कायद्यात शीतयुद्धाची कायदेशीर मुदत ठरवली : २ सप्टेंबर १९४५ ते २६ डिसेंबर १९९१. या मुदतीत सैन्यात किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्याला अर्ज केल्यावर ‘शीतयुद्ध गौरव प्रमाणपत्र’ मिळतं. संरक्षणमंत्र्याच्या सहीचं. कोरियात लढलेला सैनिक त्यात येतो आणि वॉशिंग्टनमध्ये त्या काळात केंद्र सरकारच्या कचेरीत टायपिंग करणारा कारकूनही येतो. आम्ही कारकुनाला हसत नाही, त्यानं काम केलं. पण युरेनियमच्या खाणीत एका कंपनीसाठी उतरलेला नावाहो आदिवासी त्यात येत नाही, कारण तो सरकारी नोकर नव्हता. तो जे खणत होता ते मात्र सरकारच विकत घेत होतं.

त्याच्यासाठी वेगळा कायदा होता, १९९० चा, किरणोत्सर्गाच्या भरपाईचा. त्यात तारखा आणि नकाशा दोन्ही होतं. खाणकामगारानं १९७१ संपण्यापूर्वी काम केलेलं असेल तरच १ लाख डॉलर. १९७२ मध्ये खाणीत उतरलेल्याला काही नाही, कारण १९७१ नंतर सरकार हा एकमेव खरेदीदार राहिला नव्हता. धूळ तीच, फुप्फुसं तशीच. नेवाडातल्या चाचण्यांच्या वाऱ्याखाली राहिलेल्यांना ५० हजार डॉलर, पण नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या ठरावीक जिल्ह्यांपुरतेच. आणि १६ जुलै १९४५ ला जगातला पहिला अणुस्फोट जिथे झाला त्या न्यू मेक्सिकोतले, त्याच्या राखेखाली राहिलेले रहिवासी यादीतच नव्हते. ती यादी बदलायला २०२५ चा जुलै उजाडला. म्हणजे स्फोटाला ऐंशी वर्षं होत आली तेव्हा त्यांचा समावेश झाला, भरपाई १ लाख डॉलर झाली, खाणकामगारांची मुदतही १९९० पर्यंत वाढली. अर्ज करायला आजारी माणूस जिवंत असला पाहिजे, नाहीतर वारसानं कागद जमवायचे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी आजोबा कोणत्या गावात राहत होते याचा पुरावा! आपल्याकडे सात-बाऱ्यासाठी तलाठी कार्यालयात खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथे आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. ‘नागासाकीनंतर अणुबॉम्ब वापरला गेला नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. युद्धात वापरला गेला नाही, हे खरं, आणि ते फार मोठं सुदैव आहे. पण १९४५ ते १९९६ या काळात जगात दोन हजारांहून अधिक अणुस्फोट केले गेले. त्यांना ‘चाचणी’ म्हटलं की ते वापरात मोजले जात नाहीत. मार्शल बेटांवर १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत ६७. बिकिनीच्या १६७ माणसांना मानवजातीच्या भल्यासाठी म्हणून बेट सोडायला सांगितलं. तात्पुरतं, असं त्यांना वाटलं. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ स्फोट १५ मेगाटनांचा, हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. शेजारच्या राँगेलापवर पांढरी भुकटी पडली, मुलं तिच्यात खेळली, आणि दोन दिवसांनी लोकांना हलवलं. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट होती, तेवीस खलाशांची. तिचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. मग जपानमध्ये बायकांनी घरोघर फिरून बॉम्बविरोधी सह्या गोळा केल्या, त्या तीन कोटींवर गेल्या.

दुसऱ्या महासत्तेचा हिशोब वेगळा नाही. कझाकस्तानात सेमिपालातिन्स्कला चाळीस वर्षांत ४५६ चाचण्या झाल्या. १९८९ मध्ये ओल्झास सुलेमेनोव्ह या कवीनं त्याविरुद्ध चळवळ उभी केली आणि २९ ऑगस्ट १९९१ ला ते मैदान बंद झालं. तारीख मुद्दाम निवडलेली. पहिली सोव्हिएत चाचणी तिथेच २९ ऑगस्ट १९४९ ला झाली होती. मार्शल बेटांवर १ मार्च हा राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. म्हणजे या लोकांचं स्वतःचं कॅलेंडर आहे. त्यात १९४७ नाही, बर्लिनची भिंत नाही.

पर्यटकांचं कॅलेंडर मात्र दुसरं. बर्लिनमध्ये चेकपॉइंट चार्लीला जी पहाऱ्याची खोली दिसते ती नक्कल आहे, मूळ खोली १९९० मध्ये हलवली. तिथे गणवेश घालून पैसे घेऊन फोटोला उभे राहणारे नट होते, २०१९ मध्ये शहरानं ते बंद केलं. ॲरिझोनात टक्सनजवळ टायटन क्षेपणास्त्राचं संग्रहालय आहे. पाहुण्यांपैकी एकाला नियंत्रणकक्षातल्या खुर्चीत बसवतात आणि लटकी किल्ली फिरवायला देतात. आम्ही या जागांना नावं ठेवत नाही. मुलांना भूगर्भातला तो सापळा दाखवायलाच हवा. पण किल्ली फिरवण्याचा अनुभव मिळतो आणि राख अंगावर पडण्याचा मिळत नाही, यामुळे येणाऱ्याच्या मनात हा काळ सेनापतींच्या खुर्चीतून साठवला जातो. मार्शल बेटांतल्या रुनिटवर चाचण्यांचा किरणोत्सर्गी कचरा काँक्रीटच्या घुमटाखाली पुरला आहे. तिथे तिकीटखिडकी नाही.

आपली आठवण तरी कुठे धड आहे? आपण म्हणतो, आम्ही अलिप्त होतो. ब्राव्होनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ ला, नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा करार करा असं सुचवलं, आणि याचा अभिमान बाळगायला आम्हाला काही हरकत दिसत नाही. पण त्या काळाचे आपण प्रेक्षक होतो ही समजूत चुकीची. १९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर खात्यांनी मिळून नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारं उपकरण नेलं. हवामान बिघडलं, ते तिथेच ठेवून माणसं उतरली, पुढे ते सापडलंच नाही. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंनी संसदेत याची कबुली दिली. आपल्या शालेय व्याख्येत या उपकरणाला जागा नाही.

महाराष्ट्रात तर हे युद्ध ताटापर्यंत आलेलं होतं. पी.एल. ४८० खाली आलेला अमेरिकी गहू, रेशनच्या रांगा आणि बहात्तरच्या दुष्काळातला मिलो अजून आठवणारी माणसं इथे बसली असतील. त्या गव्हाचे पैसे अमेरिकेच्या खात्यावर रुपयांत साचले आणि १९६२ पासून त्यातूनच अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली गेली. मराठीही. शिकागोत मराठीचा अभ्यास करणाऱ्याला आज जी जुनी मराठी कादंबरी कपाटात मिळते, ती अनेकदा या गव्हाच्या पैशातली असते. उलट बाजूनं मॉस्कोहून गुळगुळीत कागदावरची, मातीमोल किमतीची मराठी भाषांतरं येत होती. अनेकांनी गॉर्की आणि चेकॉव्ह त्यातूनच वाचले, आणि रंगीत सोव्हिएत मासिकांची पानं शाळेच्या वह्यांना घातली. हे सगळं आपण बालपणाची गोड आठवण म्हणून सांगतो. ते दोन महासत्तांच्या खर्चाच्या वहीतलं कलम होतं, हे सांगत नाही. गोडी खोटी होती असं आमचं म्हणणं नाही. चेकॉव्ह हा चेकॉव्हच. पण आपण ज्याला अलिप्तता म्हणतो ती दोन्हीकडचं येऊ देणारी होती, आणि ते येणं फुकट नव्हतं, एवढं तरी आठवणीत राहावं.

आज अमेरिका आणि चीन यांच्याबद्दल ‘नवं शीतयुद्ध’ असं सर्रास लिहिलं जातं, आणि लिहिणाऱ्याच्या सुरात काळजीपेक्षा ओळखीचा निवांतपणा जास्त असतो. एकदा होऊन गेलं, निभावलं, पुन्हा निभावेल. १९८६ मध्ये जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रं होती, आज सुमारे १२ हजार. त्यामुळेही तो निवांतपणा येत असावा. अमेरिका-रशियातल्या मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या अखेरच्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. निभावलं ते कशानं, धाकानं की सौद्यानं की अर्खिपोव्ह त्या दिवशी त्याच पाणबुडीवर होते म्हणून, हे आधी ठरवायला नको का? आणि कोणाचं निभावलं? सेमिपालातिन्स्कच्या आसपासच्या गावांचं निभावलं नाही. राँगेलापचे लोक १९५७ मध्ये परत गेले, त्यांना बेट सुरक्षित आहे असं सांगण्यात आलं होतं. १९८५ मध्ये ते ‘ग्रीनपीस’च्या जहाजातून स्वतःच पुन्हा बाहेर पडले. न्यू मेक्सिकोतल्या कुटुंबांना भरपाईच्या अर्जासाठी ३१ डिसेंबर २०२७ ही शेवटची तारीख दिलेली आहे.

वेळ झाली. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.